लॉकरमधले पाच पासपोर्ट

लहान मुलांना घेऊन परदेश फिरून आलात, फोटो टाकलेत, ‘मुलांनी अजिबात त्रास दिला नाही हो’ असं चार घरी सांगितलंत. आता मला सांगा, त्या आठवड्यात तुमचं मूल कोणाच्या खांद्यावर झोपत होतं?

माझी दोन्ही मासीच्या खांद्यावर झोपत होती. आपण मावशी म्हणतो तसं कोलकात्यात मुलं सांभाळायला येणाऱ्या बाईला मासी म्हणतात. आमची मासी कॅनिंगच्या अलीकडच्या एका गावातून पहाटेची लोकल धरून बालीगंजला यायची आणि साडेसातला आमच्या फ्लॅटची बेल वाजवायची. थोरली तीन महिन्यांची होती तेव्हा ती पहिल्यांदा आली. या गोष्टीच्या वेळी थोरली पावणेचार वर्षांची होती आणि धाकटा दीड. थोरलीला मराठी येत होतं, पण पडली, घाबरली, भूक लागली की तिच्या तोंडून बंगालीच निघायचं. माझी आई नागपूरहून फोनवर म्हणायची, “अगं, नातीशी बोलायला मला दुभाषी लावावा लागणार.”

मी मासीला ‘तुम्ही’ म्हणायचे, ती मला ‘तू’ आणि ‘बौदी’, म्हणजे वहिनी. हे मी ठरवून केलं होतं. मी बऱ्याच गोष्टी ठरवून करायचे. माझे बाबा रेल्वेत होते, बदली होऊन इथे आले आणि मी गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये वाढले. आमच्याकडे गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा युनियनची पत्रकं जास्त. ती दुमडायचं काम माझं. पत्रकं हिंदीत असायची, आणि बाबा जेवताना त्यांचं मराठी करून सांगायचे. जगात दोन बाजू असतात आणि आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे रोज तपासायचं असतं, एवढं मला वरणभाताबरोबर मिळालं. पुढे मी लिहायला लागले तेही त्याच विषयांवर. घरकाम करणाऱ्या बायकांची आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, बसायला खुर्ची. आमच्या घरात मासीला हे सगळं होतं. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

नवऱ्याच्या कंपनीची सिंगापूरला पाच दिवसांची बैठक निघाली. कुटुंबाला नेता येत होतं. मी म्हटलं, मासी येणार असतील तरच जाऊ, आणि येणार असतील तर नोकर म्हणून नाही येणार. पासपोर्ट काढायला त्यांच्याबरोबर मी स्वतः दोनदा रांगेत उभी राहिले. मग एका कागदावर नियम लिहिले. मासीला वेगळी खोली. दुपारी तीन तास मोकळे. एक पूर्ण दिवस सुट्टी. रात्री मुलांचं आम्ही बघायचं. तो कागद फ्रिजवर लावला.

नवरा वाचून म्हणाला, “माझ्या झोपेचे तास कुठे लिहिलेत? मलाही युनियनमध्ये घे.”

मासीने तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, “बौदी, हे धाकट्या बाबूला वाचून दाखव. रात्री तोच उठतो.”

आम्ही हसलो. हसता हसता ती म्हणाली, “परत आलो की मी मात्र दोन महिने नाही हं येणार. पोरीला आठव्यात घरी आणायचंय. पहिलं बाळंतपण आईकडेच करायचं असतं आमच्यात.”

“आमच्यातही,” मी म्हटलं. माझी दोन्ही बाळंतपणं आईनेच केली होती, पहिलं नागपूरला आणि दुसरं इथे येऊन. मी मनात आठवडे मोजले. परत आल्यावर दहा दिवस हातात राहत होते. छान जमत होतं. मुलीला सासू नाही, घरात नवरा, दीर आणि सासरा, तिची सगळी भिस्त आईवर आहे, हेही मासीने तेव्हाच सांगितलं होतं. मी ऐकलं, आणि मेतकुटाची पिशवी कुठल्या बॅगेत जाईल याचा विचार करू लागले.

विमानतळावर पाचही पासपोर्ट मी माझ्या निळ्या पाउचमध्ये घेतले. घरचे सगळे कागद मीच सांभाळते. शिक्के बसले की पुन्हा गोळा करायचे, पुन्हा पाउचमध्ये टाकायचे. हॉटेलात शिरल्या शिरल्या पाउच आमच्या खोलीतल्या लॉकरमध्ये गेलं. आकडे थोरलीच्या वाढदिवसाचे. मासीने तिचा पासपोर्ट घरून एका धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घडी घालून आणला होता. ती रिकामी पिशवी तिने नीट दुमडून पर्समध्ये ठेवली. मी ते पाहिलं आणि मला काहीही वाटलं नाही.

नियमांचा कागद पहिल्याच दिवशी गेला. धाकट्याने विमान उतरताना कान दुखून जो सूर लावला तो हॉटेलातही थांबेना. माझ्याकडे आला की पाठीची कमान करायचा. मासी त्याला छातीशी उभा धरून खोलीभर फिरायची, काहीतरी पुटपुटत, आणि तो मऊ पडायचा. ते पुटपुटणं मला साडेतीन वर्षांत कधी कळलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही. रात्री बाराला, तीनला, पाचला मी शेजारच्या खोलीचं दार वाजवत होते. दुपारचे तीन तास मात्र मी तिला कटाक्षाने दिले. ती चांगली साडी नेसून खाली लॉबीत सोफ्यावर बसायची. तीन तास. तिला रस्त्यावरची भाषा येत नव्हती आणि कुठे जायचं ते माहीत नव्हतं. वर येऊन म्हणायची, “झाली माझी सुट्टी. आण इकडे पोराला.”

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याला ताप भरला. नवरा बैठकीला निघून गेला होता. मी थोरलीला दही भरवत होते. मासी दारात आली. हातात फोन होता.

“बौदी, पोरीला कळा सुरू झाल्यात. जावयाचा फोन होता. इस्पितळात नेलंय.”

“आत्ता? अजून दोन महिने आहेत ना?”

“आहेत. पण सुरू झाल्यात.” ती आत आली. “मला जायला हवं. माझा पासपोर्ट दे.”

मी चमचा खाली ठेवला. पुढे जे बोलले त्यातला शब्द न् शब्द आठवतो, कारण त्यातलं एकही वाक्य वाईट नव्हतं. मी म्हटलं, एकट्या कशा जाल? विमानतळ केवढा मोठा आहे. कोणी काही विचारलं तर काय सांगाल?

“येताना बघितलं की मी. रांगेत उभं राहायचं आणि पुढचा जातो तिकडे जायचं.”

“तिकीट बदलता येत नाही, मासी. सगळ्यांचं एकत्र आहे.”

हे मला माहीत नव्हतं. बोलायच्या क्षणी मी ते तयार केलं.

“परवा तर निघतोच आहोत,” मी म्हटलं. “तिथे डॉक्टर आहेत. तुम्ही जाऊन तरी काय करणार?”

तिने कपाटाकडे पाहिलं. लॉकर त्याच कपाटात होतं हे तिला ठाऊक होतं, पण आकडे ठाऊक नव्हते. मी आठवीत असताना आखातात गेलेल्या मजुरांवरचं एक पत्रक दुमडलं होतं. पासपोर्ट काढून घेणारे मालक त्यात होते. बाबांनी ते मला दोनदा समजावून सांगितलं होतं. त्या सकाळी ते आठवलं नाही. मालक म्हटलं की डोळ्यांसमोर नेहमी कोणीतरी जाडजूड पुरुष यायचा. केस विस्कटलेली, दह्याने हात बरबटलेली, दोन मुलांची आई नाही यायची.

आतून धाकटा रडला. मासी गेली आणि तिने त्याला उचललं.

दुपारी तो तिच्या खांद्यावर घामेजून झोपला होता. मी पलंगावर बसून फोनवर विमान कंपनीचं पान उघडलं. तिकीट बदलता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी थेट कोलकात्याच्या विमानात जागा होती. मी ते पुन्हा वाचलं. मग पान बंद केलं आणि फोन उशीखाली सरकवला. मासीची मुलगी त्या क्षणी माझ्या मनात नव्हती. उद्या सकाळी धाकटा उठेल आणि त्याला गप्प करणं मला जमणार नाही, एवढी एकच भीती होती. माझ्याच मुलाची भीती. तिच्यापायी मी एका बाईला परक्या देशात अडवून ठेवलं, आणि त्यासाठी मला आवाजसुद्धा चढवावा लागला नाही.

चौथ्या दिवशी मासी धावत आली. नातू झाला होता. पोट फाडून काढला, फार छोटा, काचेच्या पेटीत ठेवलाय. फोटोत नळ्यांमधून एक नाक दिसत होतं.

“बघ बौदी, माझ्या बापाचं नाक घेतलंय मेल्याने. एवढंसं पोर आणि हत्तीचं नाक!”

मी तिला मिठी मारली. मी सुटले होते. नवरा म्हणाला, “मासी, मिठाई कुठाय?” थोरली “मासीला बाळ झालं, मासीला बाळ झालं” करत पलंगावर नाचली. आम्ही सगळे मत्स्यालय बघायला गेलो. मोठ्या काचेपुढे मासी धाकट्याला छातीशी धरून उभी होती, ताप अजून थोडा होता, आणि मी तिचा फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. मला तो पुसवत नाही आणि बघवतही नाही.

पाचव्या दिवशी निघालो. कोलकात्याला उतरून सामानाच्या पट्ट्यापाशी उभे होतो तेव्हा मासीचा फोन सुरू झाला आणि लगेच वाजला. तिने ऐकलं. एकदाच ‘कधी’ म्हणून विचारलं. मग फोन पर्समध्ये ठेवला, थोरलीचा हात आपल्या हातातून सोडवून माझ्या हातात दिला.

“सकाळीच गेला,” ती म्हणाली.

“गाडीने सोडतो तुम्हाला. इस्पितळात. आत्ता, थेट.”

“नको. मुलांना घरी ने. त्यांची झोपायची वेळ झाली.”

तिने आपली बॅग पट्ट्यावरून स्वतः उचलली आणि माणसांमधून बाहेर गेली. थोरली मागून ओरडत राहिली. मासीने वळून पाहिलं नाही. साडेतीन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

ती परत आली नाही. निरोपही नाही. पंधरा दिवसांनी मी निळं पाउच आवरायला घेतलं तर त्यात पाच पासपोर्ट होते. कोलकात्यात शिक्का बसल्यावरही मी सवयीने तिच्या हातातून तो काढून घेतला होता. तो घेऊन मी बालीगंजहून लोकल धरली.

मासी घरी नव्हती, दुसऱ्या कुणाच्या शेतावर गेली होती. दारात तिची मुलगी बसली होती. वीस वर्षांची असेल. टाके ओले असल्यासारखी जपून उठली. मी कोण ते तिने विचारलं नाही. आत जाऊन माझ्यासाठी मोडा आणला, वेताचं स्टूल, आणि मी बसेपर्यंत उभी राहिली.

“तुमचा बाबू बरा आहे?” तिने विचारलं. “आई म्हणत होती, ताप होता.”

मी मान हलवली. मग विचारलं, डॉक्टर काय म्हणाले.

“म्हणाले, वाचला असता की नसता, सांगता येत नाही.” ती जमिनीकडे बघत बोलत होती. “नर्स म्हणायची, पेटीतून काढून दिवसातून थोडा थोडा वेळ छातीशी धरा, अंगाची ऊब लागते. मला उठता येत नव्हतं. घरात दुसरी बाई नाही. माझा नवरा घाबरला, म्हणाला, माझ्या हातून मरेल. नर्स सारखी विचारायची, तुझी आई कुठाय.”

मी पासपोर्ट पुढे केला. तिने तो घेतला, उघडला, आईचा फोटो पाहिला.

“आई सांगायची, आमची बौदी आमच्यासाठी पेपरात लिहिते,” ती म्हणाली. “काय लिहिता?”

तिच्या आवाजात टोमणा असता तर मी तो झेलला असता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी मोड्यावरून उठले. स्टेशनपर्यंत चालत आले, गाडीत बसले, घरी आले. तेव्हापासून हे लिहीपर्यंत मी या विषयावर एक ओळ लिहिलेली नव्हती. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. धाकटा आता माझ्याकडेच झोपतो. त्याला दुसरा इलाज नाही, आणि मासी त्याला आठवत नाही. थोरली कधी कधी विचारते, मासीचं बाळ केवढं झालं? मी सांगते, मोठं झालं. तेही खोटं.

माफी मागायला मी पुन्हा गेलेले नाही. मागून मलाच बरं वाटेल, तिच्या पदरात काय पडणार?

तुमच्यापैकी कोणी या सुट्टीत मुलांना घेऊन निघणार असेल आणि सोबत त्यांना सांभाळणारी बाई असेल, तर एवढं करा. निघण्याआधी तिला विचारा, त्या दिवसांत तिच्या घरी तिची कुणाला गरज आहे. असेल तर तिला नेऊ नका, रडू द्या तुमच्या मुलांना. आणि नेलंत, तर तिचा पासपोर्ट तिच्या हातात द्या, परतीचं तिकीट तिच्या फोनमध्ये टाका, आणि ते बदलून एकटीने घरी कसं यायचं हे घरातून पाय बाहेर टाकण्याआधी तिच्याकडून एकदा करून घ्या. उद्यावर टाकू नका.