तो आवाज माझा होता

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधले बेकायदा रेडिओ केंद्र एका सिंधी रेडिओ दुरुस्तीवाल्याने चालवले, असे कोर्टाच्या कागदांत लिहिले आहे. ते खोटे आहे. केंद्र माझे होते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होतो. ट्रान्समीटर मीच जुळवला. तांब्याची तार पेन्सिलीवर गुंडाळून कॉइल केली. तिच्या वेढ्यांमधले अंतर काडेपेटीच्या काडीने सारून स्टेशन बसवायचे. लोखंडी पेचकस जवळ नेला की स्टेशन सरकायचे. मी कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, तिथे असले काही ठेवणे शक्य नव्हते. म्हणून यंत्र त्या दुरुस्तीवाल्याच्या, माझ्या मित्राच्या, दुकानाच्या माळ्यावर गेले.

"साईं, इसका लायसन लागतो ना?" त्याने विचारले होते.

"एवढ्याशा खेळण्याला कोण विचारतो?" मी म्हणालो.

रोज संध्याकाळी कामावरून थेट तिथे जाऊन मी अर्धा तास बोलायचो. पाणी किती वाजता येणार, कोणाचे रेशनकार्ड सापडले, कोणाला शिलाई मशीन विकायचे आहे.

"बोला साईं, दुनिया सुनती है."

"दुनिया कुठली? तीन गल्ल्या."

"तीन गल्ली कम है? माझी बायको एका खोलीत पण ऐकत नाही."

पाच-सहा महिन्यांनी बेकायदा केंद्रे शोधणारी, टपावर एरियल लावलेली सरकारी गाडी दुकानासमोर थांबली. मी नुकताच आलो होतो, माळ्यावर चढणार होतो. उत्तरेकडचा एक अधिकारी आणि एक मराठी हवालदार आत आले. यंत्र सापडायला वेळ लागला नाही. अधिकाऱ्याने आधीच्या संध्याकाळी भरून घेतलेली टेप लावली. माझाच आवाज: "उद्या नळाला पाणी सकाळच्या वेळी येईल."

"आप कौन?" त्याने मला विचारले.

फळीवर दुरुस्तीला आलेला कोणाचा तरी टू-इन-वन, रेडिओ-कॅसेटचा सेट, होता. मी त्यावर हात ठेवला. "गिऱ्हाईक. हा न्यायला आलो होतो."

मित्राने माझ्याकडे पाहिले. मग अधिकाऱ्याला म्हणाला, "मेरी आवाज है."

"बोल के दिखा."

तो बोलला. "उद्या नलाला पाणी सकालच्या वेली येईल."

तीस-पस्तीस वर्षे मराठी गिऱ्हाइकांत काढूनही त्याच्या तोंडात ळ बसला नव्हता. अधिकाऱ्याला फरक कळला नाही, त्याने लिहून घेतले. हवालदाराने मात्र झटकन मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्याने विचारले असते तर मी कबूल केले असते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे मी तेव्हा मनात म्हणत होतो, विचारू नको.

त्यांनी यंत्राबरोबर दुरुस्तीला आलेले लोकांचे रेडिओही जप्त केले. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइके दारात. "माझा सेट दे, चोरा." केस चालली तोवर रेडिओ परत आले नाहीत आणि नवीन कोणी दुकानात पाऊल ठेवले नाही. त्याने दुकान विकले आणि दुसऱ्याच्या दुकानात जळालेल्या पंख्यांच्या कॉइल भरायला बसला. मी पुढे बदलापूरला घर घेतले. त्याला भेटलो नाही. तो वारल्याचे कळले तेव्हाही गेलो नाही.

यंदा गेलो. त्याची बायको दारात बसली होती. मी सगळे सांगितले.

"मला काय सांगता, दादा?" ती शेवटी म्हणाली. "मला तेव्हाच माहीत होतं. गल्लीत सांगा. गल्लीने त्याला चोर म्हटलं."

मी जिना उतरून जुन्या दुकानाच्या गल्लीत आलो. दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरे विकतात. समोरच्या इस्त्रीवाल्याला थांबवून म्हणालो, "इथला रेडिओवाला चोर नव्हता."

"कोण रेडिओवाला?" त्याने विचारले.

पुढच्या तीन घरांत विचारले. सगळे भाडेकरू, नंतर आलेले. त्याला चोर म्हणणारे कोणी उरले नव्हते, आणि माझे ऐकून शब्द मागे घेणारेही.