साक्षीची भाकरी

आमचे वडील महादेवप्पा उभ्या बैलगाडीतून पडून वारले. उभी म्हणजे थांबलेली. बैल सोडलेले, गाडीवान चहाला गेलेला, आणि वडील मंगळवार पेठेत शेंगांच्या पोत्यांवर बसून पेंगत होते. तिथून जे खाली आले ते डोक्यावरच. भेटायला आलेले लोक हळू आवाजात विचारायचे, "गाडी लई जोरात हुती का?" अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणायची, "न्हाय. उभी हुती." मग अर्धा चहा तसाच ठेवून माणसं उठायची.

त्या दिवसापासून माझ्या आईचा, म्हणजे चंद्रव्वाचा, चाकावरचा विश्वास उडाला. शिवणयंत्राचं चाकसुद्धा ती दुरूनच बघायची. उभी गाडी माणूस मारते तर पळती काय करेल, हा तिचा हिशोब होता आणि त्याला सोलापुरात कुणाकडे उत्तर नव्हतं.

अशा घरात माझा थोरला भाऊ सिद्धाराम चौऱ्याहत्तर साली एक जुनी फटफटी घेऊन आला. थोरल्या भावाला आम्ही आण्णा म्हणतो. हा आण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. मागाचा नुसता आवाज ऐकून कुठला दाता झिजला हे सांगायचा, पण घरात कुणाच्या मनात काय चाललंय ते त्याला ओरडून सांगितल्याशिवाय कळायचं नाही. त्याला वाटलं, अव्वा आरती ओवाळेल. अव्वा दारातच बसली आणि म्हणाली, "ही एक तर घरात ऱ्हाईल, न्हायतर मी."

आण्णा रडला. सव्वीस वर्षांचा, मिशा असलेला माणूस फटफटीच्या सीटवर हात ठेवून रडला, हे मी स्वतः बघितलंय. आयुष्यात त्यानं मागितलेली ती पहिली वस्तू होती. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

तोडगा काढला ईश्वरप्पामामानं. मामा म्हणजे अव्वाचा धाकटा भाऊ. फटफटीवर त्याचा पहिल्या दिवसापासून डोळा होता, हे सांगून टाकते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मामा म्हणाला, "अक्का, गाडीवर रोज एक कडक भाकरी बांध. संध्याकाळी सोडून बघ. भाकरी अखंड, तर पोरगा सावकाश गेला. मोडली, तर गाडी मी माझ्या दारात नेतो. घरातली वस्तू घरातच ऱ्हाईल."

आमच्याकडची कडक भाकरी ज्यानं खाल्ली नाही त्याच्यासाठी सांगते. ज्वारीची, पातळ, वरून तीळ लावलेली, आणि तव्यावरून उतरवली की निखाऱ्यापाशी उभी करून वाळवलेली. महिनाभर टिकते, पण जोरात शिंकलं तरी मोडते. अव्वाला मामाची कल्पना फार पटली. डब्यातल्या भाकऱ्या आण्णानं खायच्या आणि ही एक न खाता तशीच परत आणायची. तिला घरात साक्षीची भाकरी असं नाव पडलं. त्या भाकऱ्या भाजायचं काम कुणाचं? हेमावतीचं, म्हणजे माझं.

झालं. आण्णा फटफटीवरून बैलाच्या चालीनं कारखान्यात जाऊ लागला. सायकलवाले त्याला मागं टाकायचे आणि वळून बघायचे. कारखान्यात लोक विचारायचे, "आण्णा, आज ढकलत आणली का?" एकदा तर अक्कलकोट नाक्यापाशी आमच्याच समाजाची एक अंत्ययात्रा मागून आली. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत, सजवलेल्या विमानात, म्हणजे खांद्यावरच्या मखरात, बसवून नेतात. पुढचा माणूस म्हणाला, "व्हा की पुढं." आण्णा म्हणाला, "तुमीच व्हा. मला घाई न्हाय." आणि हलगी, भजनी मंडळी, हारात बसलेला म्हातारा, सगळे फटफटीला ओलांडून पुढं गेले. त्या म्हाताऱ्यानं आपल्याकडे बघितलं असं आण्णा शेवटपर्यंत सांगायचा. मेलेला माणूस कसा बघेल म्हणून मी वाद घालायची. तो म्हणायचा, "तुझ्याकडं न्हाई बघितलं, माझ्याकडं बघितलं."

रोज संध्याकाळी सहाला मामा आमच्या कट्ट्यावर येऊन बसायचा. येताना भाचीला केळं आणायचा आणि भाकरीचं फडकं सुटेपर्यंत हलायचा नाही. अव्वा फडकं सोडायची, भाकरी उजेडात धरायची, कडेनं बोट फिरवायची. भाकरी अखंड. मामा सुस्कारा टाकून घरी जायचा. असं आठ महिने चाललं.

आता खरं सांगते. भाकरी जवळजवळ रोज मोडायची. आण्णा कितीही सावकाश जावो, नाक्याच्या पुढचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. सावकाश चाक प्रत्येक खड्ड्यात उतरायचं, तळ बघायचं आणि मग वर यायचं. आण्णा मागच्या बोळात फटफटी बंद करून खिडकीतून फडकं आत द्यायचा. मी कानाशी धरून हलवायची. आतून खुळखुळ आली की घरातल्या मोठ्या डब्यातली दुसरी बांधून द्यायची. मग तो वळसा घालून पुढच्या दारी यायचा. मोडलेल्या भाकरीचा पुरावा मी दही आणि शेंगाचटणीशी खाऊन टाकायची. त्या आठ महिन्यांत मी अंगानं चांगली भरले आणि अव्वाला वाटलं केळ्यांमुळे.

पंच्याहत्तरच्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, निंगव्वामावशी आली. अव्वाच्या पाठची, जवळजवळ तिच्याच वयाची बहीण, दिली होती अक्कलकोटला. दोघी नऊ वर्षं बोलत नव्हत्या. कारण असं की एका बारशात मावशी चारचौघांत म्हणाली होती, "चंद्री, तुझी भाकरी मऊ हाय." कडक भाकरीला मऊ म्हणणं म्हणजे काय ते समजून घ्या. नऊ वर्षांनी यात्रेत सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी दोघी समोरासमोर आल्या, एकमेकींकडे बघून रडल्या आणि मावशी चार दिवस आमच्याकडे राहिली. निघताना तिला द्यायला अव्वानं स्वतः बसून एकतीस भाकऱ्या भाजल्या. मला हात लावू दिला नाही. माहेरपणाला आलेली बहीण रिकाम्या हातानं जात नाही, आणि ही तर भाकरीवरूनच रुसलेली.

मावशीला एसटीत बसवून आलो आणि बघतो तर गाठोडं कट्ट्यावर. अव्वाचा चेहरा असा झाला की वडील गेले तेव्हाही मी तसा बघितला नव्हता. "आता ती काय म्हनंल? मऊ म्हनली म्हणून दिलीच न्हाय म्हनंल. संपलं. आता मेल्यावरच तोंड बघंल." त्या दिवशी आण्णाला सुट्टी होती आणि मामा तर होताच. मामा म्हणाला, "टपालानं धाडू की." टपालानं कडक भाकरी! मला हसू आलं आणि अव्वानं माझ्याकडे असं बघितलं की ते तिथंच विरलं.

"सिद्ध्या," अव्वा म्हणाली, "गाडी काढ."

आण्णाला वाटलं, त्याच्या ऐकण्यात काही चुकलं. "अव्वा, यष्टी गाठायची तर जोरात जावं लागंल. भाकऱ्या मोडतील."

"मोडल्या तर गाडी माझी," मामा लगेच म्हणाला. "बोली म्हंजे बोली."

अव्वानं एकदा गाठोड्याकडे बघितलं, एकदा आण्णाकडे. "व्हय, बोली म्हंजे बोली. मोडल्या तर गाडी ईश्वरप्पाची. पन मी सोता मागं बसनार. आन हेमी मधी, गाठोडं धरून."

तर असे आम्ही तिघं निघालो. पुढं आण्णा, त्याच्या कानाची पाळी लाल झालेली. मधे मी, पोटाशी एकतीस भाकऱ्या. मागं अव्वा, इरकली लुगड्यात, एका बाजूला पाय सोडून, वडील गेल्यापासून पहिल्यांदा चाकावर. नाक्यापर्यंत आण्णा सवयीनं बैलाच्या चालीनंच गेला. एका खड्ड्यात चाक उतरलं आणि गाठोड्यातून कट असा आवाज आला. आण्णानं तो ऐकला. मागाचा आवाज ओळखणारा कान तो, त्याला सगळं कळलं. मला दिसलं की त्याचे खांदे पडले. गाडी मामाकडे गेलीच होती.

मला वाटतं, गेलीच आहे तर एकदा तरी, असं त्याच्या मनात आलं असावं. त्यानं मूठ पिळली.

त्या फटफटीच्या पोटात असा आवाज असेल हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आठ महिने काटा वीसच्या आत झोपलेला. तो उठला, चाळीसवर गेला, साठवर गेला. एमआयडीसीची शेडं एकदम सगळी मिळून मागं पळाली. माझ्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, वेणी सुटून अव्वाच्या तोंडावर आपटू लागली, आणि तोंड उघडं राहिलं तर वारा आत शिरून गाल फुगत होते. मला भीती वाटली, खूप वाटली. त्या भीतीच्या खाली हसू होतं. पोटातून येणारं, आवरता न येणारं. आण्णाही हसत होता, त्याची पाठ हलत होती. काटा ऐंशीवर होता.

आणि खड्डे? खड्डे लागतच नव्हते. चाक त्यांच्यात उतरायच्या आधी पुढं गेलेलं असायचं.

अव्वा काय करतेय हे बघायला मला मान वळवता येईना. तिनं मला पोटातून असं आवळलं होतं की तिची बोटं रुतत होती. मग कुंभारी गाव मागं गेल्यावर कानापाशी ओरडणं ऐकू आलं. अव्वा रागावली किंवा फार आनंदात असली की कानडीत जाते. "बेगा होगो, सिद्धा! बेगा होगो!" म्हणजे लवकर जा, अजून लवकर.

वळसंगच्या अलीकडे एसटी दिसली. आम्ही तिला गाठलं. आणि ओलांडलं. खिडकीत निंगव्वामावशी केळं सोलत बसली होती, तिनं आम्हाला शेजारून जाताना बघितलं आणि केळं तिच्या हातातच राहिलं. आण्णा ओरडला, "अव्वा, थांबवू का?" अव्वा ओरडली, "न्हाय!" वळसंग आलं आणि गेलं. पुढं कितीतरी वेळ गेल्यावर अव्वाला आठवलं की आपण कशासाठी निघालो होतो.

एका बाभळीखाली थांबून आम्ही एसटीची वाट बघितली. आण्णानं रस्त्यात आडवा उभा राहून ती थांबवली. मावशी खाली उतरली, तिच्यामागं कंडक्टर आणि निम्मी एसटी. मावशीनं सगळ्यांसमोर गाठोडं सोडलं. मी डोळे मिटले होते. ती एकेक भाकरी काढत गेली. सगळ्यात खालची, एकच, मधोमध मोडलेली निघाली. बाकी तीस अखंड.

मावशीनं त्या मोडकीचा तुकडा तोंडात टाकला. कुडुम असा आवाज झाला. ती थोडा वेळ चावत राहिली. "चंद्रे," ती म्हणाली, "कडक हाय गं." आणि दोघी परत रडल्या. कंडक्टरनं शिट्टी मारली तेव्हा कुठं सुटल्या.

एसटी गेल्यावर आण्णानं किल्ली काढून अव्वासमोर धरली. "एक मोडली. दे मामाला."

अव्वा बाभळीला टेकून बसली होती. लुगडं धुळीनं भरलेलं, केस उभे. "ती नाक्यापाशी मोडली," ती म्हणाली. "सावकाश चाललेला तवा. मी बी ऐकली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज बी अशीच मोडती न्हवं? डब्यातल्या भाकऱ्या मला मोजता येतात, हेमे." मी सुटलेली वेणी घालू लागले, तर म्हणाली, "मोडू दे म्हनलं. पोरगं रोज सहाला घरी येतंय, तेवढं बास हुतं मला."

आण्णानं किल्ली तशीच धरली होती. अव्वानं रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुझा बा उभ्या गाडीत बसला म्हणून मेला. उभ्या गाडीत मानूस काय धरत न्हाय. पळत्या गाडीत धरून बसतंय." उठली, लुगडं झटकलं. "चल. आन परत येताना बैलावानी आलास तर गाडी ईश्वरप्पाची."

घरी मामा कट्ट्यावर टॉवेल खांद्यावर टाकून, गाडी न्यायच्या तयारीनं बसला होता. अव्वानं त्याला एक केळं दिलं.

त्यानंतर अव्वा दर सोमवारी फटफटीवरून सिद्धेश्वराला जायची. मागून येऊन कुणी सायकलवाला पुढं गेला तर आण्णाच्या पाठीत बुक्की बसायची. मामा सहाला येतच राहिला. सवय लागली होती, आणि आता निदान चहा मिळायचा.

एकोणऐंशीच्या चैत्रात अव्वा गेली. झोपेतच गेली, अंथरुणात. तिला विमानात बसवलं, हार घातले, विभूती लावली. मामानं पुढचा खांदा दिला. चार पावलं चालले असतील, नेहमीच्या सावकाश चालीनं. आण्णा पुढं होता. तो वळला, त्याचा चेहरा रडून सुजलेला, आणि म्हणाला, "मामा, बेगा." मामानं त्याच्याकडे बघितलं. मग त्याला कळलं. खांदेकऱ्यांनी पाय उचलले, हलगीवाल्याचा ठेका तुटला, भजनी मंडळी मागं राहिली. पेठेतले लोक दुकानातून बाहेर येऊन बघू लागले. दुधाच्या कॅनवाल्या एका सायकलला त्यांनी मागं टाकलं.

मी दारातून बघत होते. कोपऱ्यावर विमान वळताना कलंडलं, अव्वाची मान डुलली, आणि मी एवढ्या बायकांत मोठ्यानं ओरडले, "अव्वा, धरून बस!"