तळमजल्यावर राहिलेली लिफ्ट

भंडाऱ्यातल्या आमच्या चार मजली इमारतीचा मी सेक्रेटरी. वरठीहून मोटारसायकलवर येणाऱ्या लिफ्टच्या मिस्त्रीने मला नीट सांगून ठेवलं होतं. "साहेब, नदीचं पाणी येऊन राहिलं म्हणलं का पयले लिफ्ट वरच्या माळ्यावर न्या, मंग मेन स्विच बंद करा. खालच्या खड्ड्यात पाणी भरलं तं उपसता येते. पण लिफ्टचा डबाच बुडाला तं सारंच गेलं." मी मान हलवली होती.

वैनगंगेचं पाणी वस्तीत शिरतंय असं नगरपालिकेची गाडी सांगत फिरली, त्या सकाळी मी किल्ली घेऊन धावलो ती नव्या कारची. लिफ्टनेच खाली उतरलो, कार काढली आणि हायवेजवळच्या उंच जागी नेऊन लावली. चालत परत आलो तेव्हा पार्किंगमध्ये मांडीभर पाणी होतं. लिफ्ट मी सोडली तिथेच उभी होती, तळमजल्यावर.

पाणी दोन दिवसांत ओसरलं. लिफ्ट बंद पडली ती चार महिने. सुटे भाग बाहेरून यायचे होते.

चौथ्या माळ्यावर एक काकू एकट्या राहतात. उभा जन्म हातमागावर गेलेला, गुडघे निकामी. लिफ्ट आहे म्हणूनच त्यांनी हा फ्लॅट घेतला होता. आता त्या गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून भाजी वर ओढायच्या. मी औषधं नेऊन दिली की म्हणायच्या, "तुमी तरी काय कराल भाऊ? पुरापुढं कोणाचं चालते?"

मी औषधांच्या वेळा सांगून जिना उतरायचो.

दिवाळीच्या सुमारास काकूंना बपेरा गावाहून फोन आला. त्यांची धाकटी बहीण गेली होती. मी म्हणालो, "काकू, खुर्चीत बसवून आम्ही चौघं खाली नेतो. गाडी तयार आहे."

"नाही भाऊ. चौघांनी उचलून न्याची माही वेळ आजून आली नाही."

भिंतीला धरून त्या जिन्याशी आल्या. तीन पायऱ्या उतरल्या आणि तिथेच बसल्या. बहिणीचं शेवटचं तोंड पाहायचं राहूनच गेलं.

लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी मिस्त्रीने पहिल्यांदा काकूंनाच बसवलं. बटण दाबता दाबता तो सहज म्हणाला, "डबा वर नेला असता तं काहीच झालं नसतं. साहेबाले सांगतलं होतं मी."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि बहिणीबद्दल बोलत राहिल्या. दोघी एकाच मागावर शिकल्या होत्या, तिचा हात जास्त सफाईचा, लग्नानंतर मात्र धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलातच तिचा जन्म गेला. तासभर मी ऐकत होतो. निघताना दाराशी तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "राहू द्या. आता सांगून मले काय भेटते?"

हल्ली नदी वाढल्याची नुसती कुणकुण लागली तरी मी लिफ्ट वर नेऊन मेन बंद करतो. त्याआधी काकूंना विचारतो, खाली काही काम आहे का. बहुतेक वेळा त्या नाहीच म्हणतात.