दोन पाट्यांचा बर्फ

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी फ्रीज नव्हता आणि आईला मधुमेह होता. तिची इन्शुलिनची बाटली डब्यात, डबा थर्मासमध्ये आणि भोवती बर्फ. उन्हाळ्यात मी सारखा थर्मास हलवून पाही. बर्फ खुळखुळला की जिवात जीव येई. नुसतं पाणी डचमळलं की पिशवी घेऊन धावे.

आमच्या बाजूला बर्फाचे कारखाने दोन. बर्फ घ्यायची रीत अशी, की आधी भांडायचं. भुशातून काढलेल्या लादीला नावं ठेवायची, "जातो की मग पलीकडं" म्हणायचं आणि चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला हाक येई आणि चांगला तुकडा मिळे.

एका उन्हाळ्यात पहिल्या मालकानं दुसरा कारखाना विकत घेतला. मांडव पडला, बँड वाजला. प्रमुख पाहुण्यांनी याला जनतेची सोय म्हटलं. जनता उन्हात उभी होती, बर्फ व्यासपीठावरच्या सरबतात होता. कारखान्यांवरच्या पाट्या मात्र दोन्ही तशाच राहिल्या. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. मक्तेदारीला आळा घालणारा कायदा दिल्लीत झालाय, हे वर्गात घसा ताणून सांगितलंही होतं. दिल्लीला आमचा बर्फ दिसला नसावा.

लग्नसराई लागली. पहिल्या कारखान्याच्या मुनीमानं माझ्या पिशवीत मूठभर चुरा टाकला. सवयीनं मी म्हणालो, "जातो की मग पलीकडं," आणि निघालो. तिसरं पाऊल पडलं. चौथं पडलं. मागून हसू ऐकू आलं.

"जावा की मास्तर! त्योबी आमचाच हाय. कालपास्नं बंद ठेवलाय. कुलूप बघून या."

तरीही गेलो. कुलूप होतं. घरच्या थर्मासमध्ये सकाळीच पाणी वाजलं होतं. पळतच परत आलो, तर मुनीम लग्नाच्या हातगाड्या भरून घेत होता.

"मालक," मी म्हणालो. मुनीमाला मी आजवर कधी मालक म्हटलं नव्हतं. "आईचं औषध आहे हो. जरा बघा की."

"हितं समद्यांचंच कायतरी हाय. लाइनीत ऱ्हावा."

हातगाड्या जाईपर्यंत उभा राहिलो. कारखाना विकला जाण्याआधी कुणीतरी अधिकारानं एवढंच विचारायला हवं होतं : उद्या गिऱ्हाईकानं पाठ फिरवली, तर त्यानं जायचं कुठं? मी विचारलं नाही. मला चुरा तरी हवा होता.

शेवटी नारळाएवढा तुकडा मिळाला. मी त्याला नावं ठेवली नाहीत, उलट नमस्कार केला.

"इतका उशीर? भांडत बसला असशील," आई म्हणाली.

मी बर्फ फोडून थर्मासमध्ये भरला, झाकण लावलं आणि हलवून कान दिला.