सातव्या दिवसाचं रक्त

त्या आठवड्यात मला देवाकडे यजमानांसाठी काही मागता येत नव्हतं, हे आज कबूल करते. कपाटामागच्या बाटल्या, मोडलेल्या शपथा, सगळं सोसून झालं होतं. ते पिवळे पडून हॉस्पिटलच्या कॉटवर निजले, तेव्हा क्षणभर मनात आलं, सुटेन एकदाची. त्या विचाराने मीच हादरले.

आम्ही तमिळ मुलखात राहतो; ते ओरगडमच्या मोटार कारखान्यात सुपरवायझर. मी वेस्ट मांबलमला शाळेत शिकवते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "दारूमुळे लिव्हरला सूज आहे. रक्ताच्या आकड्यांवरून जिवाला मोठा धोका दिसतो. स्टेरॉइड सुरू करतोय. सातव्या दिवशी रक्त तपासू. कावीळ उतरू लागली असेल तर आशा आहे." नसेल तर काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. या औषधात जंतुसंसर्ग लवकर होतो, ताप आला तर ताबडतोब कळवा, असंही त्यांनी बजावलं. पाच दिवस मी यजमानांच्या कपाळावर हात ठेवून बसले.

शेजारच्या कॉटवर याच आजाराचे एक गृहस्थ होते. त्यांची थोरली बहीण सोबतीला असे. तंजावरकडची मराठी माणसं; बोलण्याला तमिळ हेल. मी त्यांना अक्का म्हणू लागले. पाचव्या दिवशी दुपारी माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "जा अम्मा, देवळात जाऊन ये. मी बसतें हितं."

रामासमोर उभी राहिले, पण नवस ओठांवर येईना. शेवटी एवढंच म्हटलं, "माझ्याच्याने होत नाही. आता तूच बघ." आणि किती दिवसांनी रडले.

परतले तर यजमानांच्या कॉटभोवती पडदा ओढलेला. नर्सने सांगितलं, अचानक हुडहुडी भरून ताप चढला होता. अक्कांनी धावत जाऊन डॉक्टरांना बोलावलं. औषधं लागलीच सुरू झाली होती. डॉक्टर म्हणाले, "उशीर झाला असता तर कठीण होतं."

मग नर्सनेच हळू आवाजात सांगितलं, अक्कांच्या भावाचा सातव्या दिवसाचा रिपोर्ट त्याच सकाळी आला होता. कावीळ उतरली नव्हती.

मी अक्कांचे हात धरले. "मला सांगितलं का नाही?"

"तुला आणीक भार कशाला? माझ्या तंबीचं, धाकट्या भावाचं, आता रामाच्या हाती. म्हटलं, हा तरी वाचो."

आमचा सातवा दिवस उजाडला. रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "उतरतेय."

त्यानंतर चौथ्या दिवशी अक्कांचा भाऊ गेला. मी अक्कांजवळ बसून राहिले.

यजमान घरी आले. आठ महिने झाले, दारूला शिवलेले नाहीत. उद्याची हमी डॉक्टर देत नाहीत, मीही मागत नाही. इकडे कावीळ उतरली आणि तिकडे का नाही, याचं उत्तर मला कधीच मिळणार नाही. सकाळी दिवा लावते तेव्हा यजमानांचं आणि अक्कांच्या भावाचं नाव घेते, अक्कांना मनोमन नमस्कार करते आणि आजचा दिवस रामाच्या पायाशी ठेवते.