अक्का पाठीला विचारायची

आमची थोरली जाऊ, अक्का, कुठंही गेली की आधी जमिनीवर उताणी पडायची. लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, बारामतीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, कुठंही. पदर तोंडावर ओढायचा, हात दोन्ही बाजूंना टाकायचे आणि थोडा वेळ गप्प पडून राहायचं. माझ्या लग्नाच्या बोलणीला ती आमच्या घरी आली आणि ओसरीवर तिनं हेच केलं. माझ्या आईला वाटलं, बाईला भोवळ आली. ती कांदा फोडायला आत पळाली. तेवढ्यात अक्का उठून बसली, पाठ झाडली आणि म्हणाली, "गार हाय जागा. मानसं बी बरी दिसत्यात." आई फोडलेला कांदा हातात धरून दारातच उभी राहिली.

आम्ही मेंढरांवाले. घर अंथुर्ण्याला, म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि कालव्याच्या वरच्या अंगाला खडकाळ माळ. कालव्याचं पाणी खाली उतरतं, वर चढत नाही, त्यामुळं आमच्या माळाला ते कधी मिळालं नाही. पाऊस सरला की अक्काचा नवरा, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि माझे मालक मेंढरं घेऊन निघायचे. आम्ही दोघी जावा घोडीवर बिऱ्हाड लादून पुढं चालायचो. गडी दिवसभर मेंढरांमागं, तेव्हा पुढं जाऊन तळाची जागा धरणं हे आम्हा बायकांचं काम. आज कुठं उतरायचं ते अक्का ठरवायची आणि आबा तिच्या शब्दाबाहेर नव्हते. माझं माहेर बागाईतलं, तिथली मेंढरं आजोबांच्याच वेळी विकलेली. उघड्यावर संसार कसा मांडतात ते मला ठाऊक नव्हतं. नव्वद साली माझं लग्न झालं, त्या पहिल्या वर्षी मी फार रडले, आणि ती मला रडू द्यायची, फक्त हातात काहीतरी निवडायला द्यायची.

"डोळं फशिवत्यात," ती म्हणायची. "हिरवं दिसलं की भुलत्यात. पाठीला इचार." पाठीला काय काय कळतं याचा मला पत्ता नव्हता. खडे कळतात, मुंग्यांचं वारूळ कळतं, आत मुरलेली ओल कळते. उतार पायाकडं आहे की डोक्याकडं तेही कळतं, आणि डोक्याकडं असला तर पोरं किरकिरत उठतात. जागा पसंत पडली की ती "हितं" म्हणायची. नाही पडली तर "हितं न्हाय" म्हणून उठायची, मग मी अर्धं बिऱ्हाड उतरवलेलं असलं तरी ते पुन्हा घोडीवर चढवायचं. मी मनातल्या मनात तिला काय काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

पाण्याबद्दल तिचा एकच नेम होता. पाणी दिसलं पाहिजे, पण मेंढराचा खूर भिजता कामा नये. "पानी पाव्हन्यासारखं लांबूनच बघावं," असं म्हणून ती स्वतःच हसायची. दात पुढं असल्यामुळं हसताना ओठांवर हात धरायची.

पाठीनं होकार दिला तरी काम संपत नसे. मग ती जवळच्या वस्तीवर जाऊन विस्तव मागायची. काडीपेटी कायम कमरेला असायची, पण नव्या जागेवरची पहिली चूल तिनं त्या काडीनं कधी पेटवली नाही. घरातल्या बाईनं उलथन्यावर निखारा देताना चार शब्द विचारले, पोरं किती, मेंढरं किती, तर तळ पडायचा. तोंड वाकडं करून दिला तर अक्का निखारा घेऊन यायची, पाण्यात विझवायची आणि घोडीचा दोर सोडायची. "जमीन चांगली आसून काय करायची, सुमे? उद्या पोरगं आजारी पडलं तर हाक कुनाला मारायची?" मी तिला म्हणाले, "अक्का, उगाच बायांची परीक्षा घेतेस." ती म्हणाली, "त्या बी माझी घेत्यात की."

तिच्या मनातली सगळ्यात चांगली जागा पळसदेवच्या बाजूला होती. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरू लागलं आणि बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलं की ती म्हणायची, "देऊळ उघडं पडलं. चला, आपली जागा वाट बघती." पाण्यापासून लांब एक उंच पडीक रान होतं, दोन बाभळी होत्या, वारा एका अंगानं यायचा. रानाच्या मालकाची बायको विस्तवाबरोबर ताकही द्यायची. रानात मेंढरं बसवली की खत पडतं, म्हणून मालक स्वतः आवतण द्यायचा, वर ज्वारी द्यायचा. निघताना अक्का तळ झाडून काढायची, पण चुलीचे तीन दगड तसेच ठेवायची, पुढच्या साली आपल्यालाच लागतील म्हणून. माझे दिवस भरत आले तेव्हा तिनं मला माहेरी धाडलं नाही. वाटेतल्या तीन जागा "हितं न्हाय" म्हणून सोडल्या आणि मला त्या बाभळीखाली आणलं. "ही बाळंतिनीची जागा हाय," म्हणाली. माझी मुलगी तिथंच झाली, ताकवाली बाई सुईण झाली. त्या मुलीनं परवा बारामतीत फ्लॅट घेतला. बिल्डरच्या माणसादेखत मी त्या गुळगुळीत फरशीवर उताणी पडून बघितलं. पाठीला काहीच कळलं नाही.

मग ऊस आला. आधीही होता, पण आता तो रस्त्यापर्यंत आला. पाण्यावर मोटारी बसल्या, पाइपलाइनी झाल्या, पडीक म्हणून काही उरलं नाही. खत गोणीतून येऊ लागलं, आवतणं थांबली. दरवर्षी तिची एकेक जागा जायची आणि आम्ही पुढं चालायचो. एका वस्तीवर विस्तव मागितला तर घरातली पोरगी म्हणाली, "मावशी, विस्तव न्हाय, आमच्यात गॅस आलाय." पोरगी चांगली होती, हसत बोलली, पाणी विचारलं. पण अक्का रिकामं उलथनं घेऊन परत आली आणि तिला कळेना की हा होकार धरायचा की नकार. तिथंच रस्त्याच्या कडेला ती बराच वेळ बसून राहिली.

शेवटच्या साली पळसदेवला पोचलो तर आमच्या बाभळी नव्हत्या. नवा लावलेला ऊस गुडघ्याला आला होता आणि आमच्या चुलीचे तीन दगड बांधावर फेकलेले होते. अक्कानं ते ओळखले, एकाची काळी बाजू हातानं पुसली आणि पुन्हा ठेवून दिला. ताकवाली बाई बाहेर आली आणि अक्काचा हात धरून रडली. तिचं तरी काय चुकलं होतं? पोरं मोठी झाली होती, त्यांनी ऊस लावला.

मेंढरं दोन दिवसांची उपाशी होती. खाली पाणी उतरलेल्या गाळावर हिरवंगार गवत होतं आणि मेंढरं तिकडंच ओढत होती. आबा म्हणाले, "गाळावरच उतरू." अक्का गेली, पदर ओढून पडली आणि लगेच उठली. लुगडं पाठीवर ओलं झालं होतं.

"हितं न्हाय," ती म्हणाली.

"मग कुठं? तू दाखीव, तितं जातो." आबांच्या आवाजात राग नव्हता, ते खरंच विचारत होते.

तिनं चारी बाजूंना बघितलं. वर ऊस होता, पलीकडं डांबरी रस्ता, खाली पाणी. मग ती घोडीवरचा दोर सोडून सामान उतरवायला लागली. पाठ नाही म्हणाली असताना तिनं तळ टाकला, तो तेवढा एकदाच.

मेंढरं पोटभर चरली. पावसाच्या तोंडाला त्यांची लोकर गळायला लागली, जबड्याखाली पाण्याच्या पिशव्या लोंबायला लागल्या. गुरांचे डॉक्टर म्हणाले, ओल्या गाळातल्या गोगलगाईंमुळं होतं हे, औषधाला उशीर झाला. रोज सकाळी आबा वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, उचलायचे आणि आत काही मेंढरं उठायचीच नाहीत. कोणी अक्काला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, ती भांडली तरी असती. उरलेली मेंढरं इंदापूरच्या बाजारात मिळेल त्या भावानं गेली आणि त्यांच्या मागं घोडी गेली.

दिवाळीनंतर आम्ही सोमेश्वरनगरच्या बाजूला ऊसतोडीला गेलो. ज्या उसानं आमच्या जागा खाल्ल्या तोच आता आम्ही तोडणार होतो, पण हे तिथं कोणी बोललं नाही. मोकळ्या पटांगणात मुकादमानं फक्कीनं चौकोन आखले होते, एका चौकोनात एक कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. आमचा चौकोन नाल्याकडेचा होता. मला तिथं नुसतं उभं राहूनही ओल कळत होती, इतकी मी तिच्या हाताखाली शिकले होते. मी पुढं होऊन जागा झाडली, खडे वेचले आणि बाजूला सरकून उभी राहिले. अक्कानं डोक्यावरचं बोचकं चौकोनात ठेवलं आणि तीन दगड गोळा करायला लागली.

मी म्हणाले, "अक्का, पाठ टेकून बघत न्हाईस?"

"दिलेल्या जागंला काय इचारायचं, सुमे?"

शेजारच्या कोपीत चूल धडधडून पेटली होती. तिथली बाई आमच्याकडं बघून हसली, म्हणाली, "इस्तू देऊ का?" अक्कानं मान हलवून नको म्हटलं. दगड मांडून ती खाली बसली आणि कमरेची काडीपेटी काढली.