मांजरीचं दूध आटेपर्यंत

बाळंत मांजरीचं ऑपरेशन कधी करावं, हे आमच्या मालवण तालुक्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. हे मी नम्रपणे सांगते, कारण गर्व करायला लागले तर पान पुरायचं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. आमची मांजरी एका वर्षात तीनदा व्याली. मासेवाली दारात टोपली उतरवायची बंद झाली, कारण टोपली टेकताच कोनाड्यातून, चुलीमागून, भाताच्या कणगीतून डोकी वर यायची. मांजरी मात्र इतकी वाळली होती की उन्हात उभी राहिली तर सावली फक्त मिशांची पडायची.

सासूबाईंनी निकाल दिला. "ह्या माजराक आता परत पिलां झाली, तर खारेपाटणाच्या यष्टीत घालून सोडून देतलंय."

खारेपाटणात ती आठ दिवस जगली नसती. म्हणून मी तिला घेऊन कट्टा गावी गेले. तिथे गुरांच्या दवाखान्यात घाटावरचा एक तरुण डॉक्टर नवा आला होता आणि मांजराचंही ऑपरेशन करतो म्हणून त्याची ख्याती होती.

"पिल्लं केवढी?" त्याने विचारलं.

"महिन्याची."

"मग आज नाही. दोन महिन्यांची झाली, आपापलं खायला लागली, की हळूहळू आईपासून तोडा. दूध आटू द्या, त्यावर दोन आठवडे जाऊ द्या, मग आणा. आणि बोक्यापासून जपा. पाजती असली तरी गाभण राहते."

मी मान हलवली. माझी मान नेहमीच कानांच्या आधी हलते.

दोन महिने भरले त्या सकाळी मी चारही पिल्लं चार घरी वाटून मोकळी झाले. उंदरांनी लोक इतके गांजले होते की माणसं रांगेत उभी होती. म्हटलं, प्यायलाच कुणी नाही तर दूध आटेल कसं नाही?

दुसऱ्या दिवशी मांजरीचे सड सुपारीसारखे टणक आणि तव्यासारखे गरम. हात लावला तर फिसकारली, आणि कौलं सरकवून बाहेर पडली. संध्याकाळपर्यंत एकेक पिल्लू मानगुटीला धरून तिने परत आणलं. चौथं तर होडीतून खाडीपलीकडे गेलेलं. तेही आणलं, तरीवरच्या नावाड्याला विचारा. वर एक काळं पिल्लू, जे आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंनी मोजलं. "चार दिलंस आणि पाच इली. धंदो बरो आसा गो."

मला मात्र धास्ती वेगळीच. ती अख्खा दिवस बाहेर होती, आणि आमच्या वाडीतला बोका म्हणजे एक कान तुटका, वासराएवढा, थेट इन्सुलीपर्यंत सोयरीक असलेला. मी पुन्हा कट्ट्याला धावले.

"सगळी एकदम दिलीत?" डॉक्टर म्हणाला. "दूध कोंडणारच. एक दिलं की चार दिवस थांबा, मग दुसरं. तिचं खाणं थोडं कमी करा. कोमट फडक्याने शेका."

"आणि ती गाभण असेल तर?"

"आत्ता सांगता येणार नाही."

मग मी शहाण्यासारखी वागले. चार-चार दिवसांनी एकेक पिल्लू गेलं, काळंसुद्धा. मांजरी स्वयंपाकघरात कोंडलेली. उंबऱ्यावर सासूबाई झाडू घेऊन. घरातला भात, माझी पेज, सगळं त्यांच्या गुडघ्यावरून बाहेर यायचं. बोका दिसला की त्या बसल्या जागेवरून बजावायच्या, "हयसर तुजा काय काम नाय."

सड मऊ झाले, मग सपाट झाले. मला घाई सुटली होती, पण सासूबाईंनी दोन आठवड्यांतला एक दिवस सोडला नाही.

ऑपरेशनला त्या सोबत आल्या. दवाखान्याच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो. वर्षभरात आमच्यात एवढा वेळ भांडणाशिवाय गेला नव्हता.

डॉक्टर हात पुसत बाहेर आला. "गाभण नव्हती. वेळेवर आणलीत."

"मियाच राखण केलंय, डॉक्टरांनु," सासूबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "जगतली मां?"

"जगेल. दहा दिवसांनी टाके काढू."

ज्या बांबूच्या हाऱ्यातून आणली, त्याच टोपलीत मांजरी जीभ बाहेर टाकून गुंगीत पडली होती. सासूबाईंनी पदराने तिच्या तोंडाची लाळ पुसली, हारा डोक्यावर न घेता कुशीत घेतला आणि घरापर्यंत माझ्या हातात काही दिला नाही.